एक लाखाचे विकास शुल्क आणि १०६ मीटर पाइपलाइन

तापी आणि गिरणा यांच्या मधल्या पट्ट्यात आमचे गाव आहे. गाव म्हणायचे ते सवयीने, कारण तिथे नगरपरिषद येऊन अनेक दशके झाली आणि शेवटच्या हद्दवाढीत आमचे वडिलोपार्जित शेतही शहरात मोडू लागले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या कार्यालयातील अनुभव पुढे सांगणार आहे, तिथली माणसे मला रोज बाजारात भेटतात आणि त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गणित शिकून गेलेली आहेत.

शेत माझे थोरले बंधू, आबा, पाहत असत. विकास आराखड्यात ते निवासी विभागात दाखवले गेले तेव्हा आम्हाला त्याचे फारसे काही वाटले नव्हते. पण दहा वर्षांत तिन्ही बाजूंनी घरे उठली, बांधावर प्लॅस्टिकचा कचरा साचू लागला आणि कापूस वेचायला मजूर येईनासे झाले. २०२१ च्या दिवाळीत धुळ्याहून ताई आली, तेव्हा सातबाऱ्यावर नावे असलेले आम्ही तिघे एकत्र बसलो. एका दलालाने ८० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) क्षेत्राला उभ्या उभ्या ९० लाख रुपये देऊ केले होते. ताईचे म्हणणे पैसे घेऊन मोकळे व्हावे असे होते, आबांचे म्हणणे जमीन विकूच नये असे होते, आणि मी मध्ये पडून सुचवले की आपणच रीतसर बिनशेती करून, लेआउट मंजूर करून प्लॉट पाडावेत. तोवर ‘रीतसर’ या शब्दाचा अर्थ मला माहीत आहे असा माझा समज होता.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळाली, आणि आर्किटेक्टने पहिला नकाशा काढून टेबलावर पसरला. आबांनी त्यावर बोट फिरवत पहिला प्रश्न विचारला की यातली विकायला किती उरते. एकूण ८,००० चौरस मीटरमधून आराखड्यातील रस्त्याच्या रुंदीकरणासाठी ४०० चौरस मीटर गेले. उरलेल्या ७,६०० चा दहावा भाग, म्हणजे ७६० चौरस मीटर, खुली जागा म्हणून सोडणे बंधनकारक होते. आतले ९ मीटर रुंदीचे रस्ते १,९४० चौरस मीटर खाऊन गेले. शिल्लक राहिले ४,९०० चौरस मीटर, आणि त्यात सरासरी १४० चौरस मीटरचे, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पंधराशे फुटी, ३५ प्लॉट बसले. क्षेत्र २ हेक्टरांच्या आत असल्यामुळे शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयींसाठीचा सुविधा भूखंड वेगळा सोडावा लागला नाही, एवढीच काय ती सूट. शंभर रुपयांच्या जमिनीतले एकसष्ट रुपयेच विक्रीला येतात, हे सत्य नकाशावर बोटाने मोजताना आबांच्या चेहऱ्यावर जसे उमटले तसे मला एरवी कुठल्या आकडेवारीत दिसले नसते.

आता शुल्काकडे येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात १९९२ साली सहा-अ हे प्रकरण जोडले गेले आणि नियोजन प्राधिकरणांना विकास शुल्क आकारण्याचा अधिकार मिळाला. सुरुवातीला ते चौरस मीटरला ठरावीक रुपये असे होते. पुढे ते रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या बाजारमूल्याच्या, दराशी टक्केवारीने जोडले गेले. निवासी वापरासाठी नुसती जमीन विकसित करायची असेल तर विकसित जमिनीच्या दराच्या अर्धा टक्का आणि बांधकाम करायचे असेल तर बांधकाम क्षेत्रावर त्याच दराच्या २ टक्के, असा त्याचा साधा हिशेब आहे. औद्योगिक वापराला दीडपट आणि व्यापारी वापराला दुप्पट. यातला ‘विकसित जमिनीचा दर’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. आमच्या शेतात त्या वेळी पऱ्हाट्या उभ्या होत्या, तरी शुल्क लागणार होते ते तिथे आधीच प्लॉट पडले आहेत असे समजून. आबांना हे पटेना. मला मात्र त्यात तर्क दिसत होता, कारण ज्या क्षणी आपण लेआउट मागतो त्या क्षणी आपण शेतीची किंमत मागे सोडून प्लॉटची किंमत हातात घेत असतो, आणि त्या वाढीतला थोडा भाग गावाने मागितला तर त्यात अन्याय नाही.

अन्याय वेगळ्याच ठिकाणी निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मागणीपत्र आले, त्यात आकडा होता २ लाख ४४ हजार रुपये. मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उलट भागाकार केला. ८,००० चौरस मीटर आणि अर्धा टक्का धरले तर दर ६,१०० रुपये येत होता, आणि आमच्या भागात तो २,४०० असायला हवा होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. बांधकाम विभागातील टेबलावर रेडी रेकनरच्या छापील पानांची एक चुरगळलेली जुडी होती, तिला कोपऱ्यात टाचणी आणि पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. लिपिकाने गट क्रमांकाच्या रकान्यावर पट्टी ठेवून मला दाखवले की हा गट महामार्गालगतच्या विभागात येतो. चूक त्याच्या दृष्टीने नव्हतीच. मूळ गट महामार्गापर्यंत होता खरा; पण त्याचा रस्त्याकडचा तुकडा तीस वर्षांपूर्वी वाटणीत चुलत्यांकडे गेला होता, त्याला वेगळा पोटहिस्सा पडला होता, आणि आमचा पोटहिस्सा महामार्गापासून चांगला लांब मागे होता. तक्त्यात मात्र जुना अखंड गट क्रमांकच छापलेला होता.

“सर, तक्त्यात जे आहे तेच मी धरणार ना?” असे तो म्हणाला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. दुरुस्तीसाठी पोटहिस्स्याचे उतारे, मोजणीचा नकाशा आणि मुद्रांक कार्यालयाकडून मूल्य विभागाचा लेखी खुलासा लागणार होता. त्यात सात आठवडे गेले. खुलासा हाती आला तोवर ३१ मार्च उलटला होता, आणि १ एप्रिल २०२२ पासून रेडी रेकनरचे नवे दर लागू झाले होते. त्या वर्षी राज्यभर सरासरी सुमारे ५ टक्क्यांची वाढ झाली आणि आमच्या विभागाचा दर २,४०० वरून २,५२० झाला. पुढची दोन वर्षे शासनाने दर जागच्या जागी ठेवले, पण त्याचा आम्हाला काय उपयोग! ९६ हजारांचे शुल्क अखेरीस १ लाख ८०० रुपये झाले. सात आठवड्यांच्या खटपटीत १ लाख ४३ हजार २०० रुपये वाचले, म्हणून मी खुशीत होतो. चलन भरून आम्ही बाहेर पायरीवर आलो तेव्हा आबांनी पावतीची घडी बंडीच्या खिशात घालत विचारले, “पैसा भरी दिनात, आते पानी कव्हय यी?” मी हसण्यावारी नेले. तो प्रश्न नेमका होता हे मला दहा महिन्यांनी कळले.

जून २०२२ मध्ये तात्पुरती मंजुरी मिळाली. तात्पुरत्या मंजुरीचा अर्थ असा, की नकाशा मान्य आहे, आता जागेवर रस्ते, गटारी, पाण्याची वाहिनी, विजेचे खांब आणि खुल्या जागेची आखणी स्वखर्चाने करा, मग अंतिम मंजुरी मिळेल आणि त्यानंतर खरेदीखते होतील. ३५ प्लॉट असल्याने महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आवश्यक होती. क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा मोठे आणि प्लॉट ८ पेक्षा जास्त असले की ती टळत नाही, आणि नोंदणीशिवाय आगाऊ रक्कम घेता येत नाही. नियम योग्यच आहे, कारण कागदावरचे प्लॉट विकून पसार झालेले लोक खानदेशातही कमी नाहीत. पण त्यामुळे पहिला सगळा खर्च आपल्या खिशातून किंवा कर्जातून करावा लागतो. बँकेने या कामासाठी कर्ज देण्यास नकार दिला, तेव्हा एका पतसंस्थेकडून टप्प्याटप्प्याने ४० लाख रुपये १३ टक्क्यांनी उचलले.

रस्त्याच्या कामात आम्ही अडाणीपणा केला. आमची जमीन काळी, खोल. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हातभर काठी सहज आत जाते, आणि पहिल्या दमदार पावसात तीच माती फुगून लोण्यासारखी होते. ठेकेदाराने जूनच्या पहिल्या आठवड्यातच मुरूम टाकायला घेतला आणि मीही, मंजुरी मिळाल्याच्या उत्साहात, त्याला अडवले नाही. मृगाचा पाऊस दोन दिवस झाला आणि तिसऱ्या दिवशी रोलरचे पुढचे चाक मुरमासकट खाली बसले. ते बाहेर काढायला केळीच्या बागेतून ट्रॅक्टर बोलवावा लागला, आणि चाळीस मीटरचा तुकडा नोव्हेंबरमध्ये पुन्हा उकरून केला. दोन फूट काळी माती काढायची, मुरमाचे थर पाणी मारून दाबायचे, मग मोठी खडी, बारीक खडी आणि डांबर. मुरमाड किंवा खडकाळ माळावर जो रस्ता निम्म्यात होतो त्याला इथे चौरस मीटरला १,०५० रुपये पडले, म्हणजे २० लाख ३७ हजार. गटारींना ७ लाख ७४ हजार लागले. रोहित्र, खांब आणि तारा यांना साडेअकरा लाख. खुल्या जागेचे सपाटीकरण, तारेचे कुंपण आणि कडुनिंबाची रोपे यांचे सव्वादोन लाख झाले असतील असे मी धरले होते, ते २ लाख २० हजारांवर भागले.

पाण्याची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. माझी समजूत अशी होती की विकास शुल्क भरले म्हणजे नगरपरिषद आपली वाहिनी आमच्या वेशीपर्यंत आणील आणि आतले वाटप आम्ही करू. कायद्यानेही हे शुल्क वेगळ्या विकास निधीत जमा करून सार्वजनिक सुविधांसाठी आणि क्षेत्राच्या सुधारणेसाठीच वापरायचे असते. पाणीपुरवठा विभागातील अभियंत्याने मला नकाशावर जवळची मुख्य वाहिनी दाखवली. ती आमच्यापासून ६४० मीटरवर संपत होती. ती पुढे वाढवण्याचा प्रस्ताव होता, पण निधी नव्हता. तुम्ही स्वतः टाकली तर देखरेख आम्ही करू, असे त्याने अगदी सरळ सांगितले. ११० मिलिमीटरची एचडीपीई पाइप, काळ्या मातीतील खोदाई, दोन ठिकाणी रस्ता फोडून पुन्हा भरणे, हे सर्व धरून मीटरला ९५० रुपये. बाहेरच्या वाहिनीचे ६ लाख ८ हजार आणि आतल्या वाटपाचे ३ लाख ३२ हजार, मिळून ९ लाख ४० हजार झाले.

त्या रात्री मी सवयीने वही काढली. आम्ही भरलेल्या १ लाख ८०० रुपयांच्या शुल्काला ९५० ने भागले. उत्तर आले १०६ मीटर. हवी होती ६४० मीटर. त्या भागाकारात मला या पद्धतीची खरी अडचण दिसली, आणि ती मी आधी समजत होतो त्याच्या उलट होती. शुल्क फार आहे म्हणून नव्हे, तर ते जमिनीच्या भावाला बांधलेले असून पाइपच्या भावाशी त्याचा काहीएक संबंध नाही, म्हणून ते पुरत नाही. पाइपची किंमत पुण्यात आणि आमच्या गावात जवळपास सारखीच असते. खोदाई तर आमच्याकडे जास्तच. पुण्यातील जमिनीचा दर मात्र आमच्या दहा-पंधरा पट, आणि मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी काही मोठ्या शहरांत शुल्क दुप्पट घेण्याची तरतूदही आहे. तेव्हा तेच अर्धा टक्का आणि २ टक्के तिथे निधी उभा करतात आणि इथे फक्त पावत्या उभ्या करतात. लहान गावांतील मोठी कामे शुल्कातून झालेलीच नाहीत, ती केंद्राच्या आणि राज्याच्या अनुदानातून झाली आहेत. जळगाव, धुळे, भुसावळ या लाखावर लोकसंख्येच्या शहरांना २०१५ च्या अमृत अभियानातून पाणी योजनांसाठी निधी मिळाला. त्या मर्यादेखालची गावे २०२१ मध्ये दुसरा टप्पा जाहीर होईपर्यंत त्या रांगेतच नव्हती.

सगळा हिशेब एकदा मांडला तो असा. मोजणी, आर्किटेक्ट आणि छाननीचे १ लाख ८५ हजार, महसुलाचा रूपांतरण कर व अनुषंगिक ६० हजार, विकास शुल्क १ लाख ८००, आणि जागेवरील कामे धरून एकूण ५४ लाख ६६ हजार ८०० रुपये. विक्रीयोग्य क्षेत्र ५२,७४३ चौरस फूट. म्हणजे चौरस फुटाला साधारण १०४ रुपये, आणि त्यातले विकास शुल्क दोन रुपयांहूनही कमी. पतसंस्थेचे व्याज २२ महिन्यांत ६ लाख ४० हजार झाले, ते फुटाला १२ रुपये. ज्या शुल्काविरुद्ध प्रत्येक बांधकाम व्यावसायिक तावातावाने बोलतो त्याच्या सहापट रक्कम केवळ वाट पाहण्यात गेली. यातले सात आठवडे त्या गट क्रमांकाचे होते, पाच महिने आमच्या स्वतःच्या फसलेल्या मुरमाचे होते आणि बाकीचे नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याचे होते. दोष वाटायचा तर असा वाटावा लागेल.

दलालाचे ९० लाख ही जमिनीची किंमत धरली तर तिचे फुटाला १७१ रुपये पडतात. त्यात १०४ आणि १२ मिळवले की २८७ होतात. आम्ही ४०० रुपये भाव ठेवला. सगळे प्लॉट गेले तर आम्हा तिघांना दलालाच्या रकमेपेक्षा बरेच अधिक मिळणार आहेत, तेव्हा तोट्याचा धंदा केला असे मी म्हणणार नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ३५ पैकी १४ प्लॉट गेले, आणि न गेलेल्या २१ चे कारण आमच्या बांधापलीकडेच होते.

तिथे एका शेतकऱ्याने गुंठा-गुंठा जमीन विकायला काढली होती. नोटरीसमोर साठेखत, रजिस्ट्री नाही, लेआउट नाही, शुल्क नाही, खुली जागा नाही, रस्ता म्हणजे बारा फुटांची पायवाट. भाव फुटाला २५० रुपये. १,०८९ फुटांचा गुंठा पावणेतीन लाखांच्या आत पडत होता आणि आमचा पंधराशे फुटी प्लॉट सहा लाखांच्या पुढे जात होता. जिनिंगमध्ये काम करणारा एक तरुण बायकोला घेऊन आमच्याकडे आला, रस्त्यावर पाय आपटून पाहिला, गटारीचे झाकण उचलून आत डोकावला, सगळे आवडले म्हणाला, आणि आठ दिवसांनी त्याने पलीकडचा गुंठा घेतला. त्याच्याजवळ तीन लाख होते. उरलेल्या तीन लाखांचे कर्ज त्याला कोणी देत नव्हते.

त्याला मी समजावले नाही असे नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करण्याची सोय झाली होती. त्यानंतर पाडलेल्या गुंठ्यांना ती लागू नव्हती, म्हणून त्याच्या घराला बांधकाम परवानगी नाही, बँकेचे कर्ज नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, पुढचं पुढं बघू. आज भाडं तर वाचेल.” मी निरुत्तर झालो. आमच्या १०४ रुपयांतून झालेला रस्ता त्याला परवडत नव्हता, आणि तो रस्ता नसल्याचा खर्च तो पुढची कित्येक वर्षे टँकरला, चिखलाला आणि कधी काळी नियमितीकरण आलेच तर त्याच्या दंडाला हप्त्याहप्त्याने देत राहणार होता. एकदम देता येत नाही म्हणून जास्त देणारा माणूस वर्गात व्याजाचे गणित शिकवताना मी अनेकदा फळ्यावर मांडला होता. असा समोर उभा राहिला नव्हता.

प्लॉट घेतलेल्यांपैकी एसटीच्या कार्यशाळेतील एका मेकॅनिकने पहिले घर बांधले. प्लॉट १५० चौरस मीटरच्या आतला असल्यामुळे, २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार त्याला नेहमीच्या अर्थाने नकाशा मंजुरीची वाट पाहावी लागली नाही. तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा नकाशा दिला, शुल्क भरले, आणि पावती हीच परवानगी ठरली. ही सुधारणा मला मनापासून आवडली. ६० चौरस मीटर बांधकामाचे विकास शुल्क आले ३,०२४ रुपये. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का असतो, पण १० लाखांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला त्यातून सूट होती. त्याच्या घराचे अंदाजपत्रक ९ लाख ९० हजारांवर येऊन थांबले, त्यावर मी अधिक काही लिहीत नाही. त्याच्या घराला घरघर लागली नाही ती एकाच कारणाने, की पाण्याचा नळ पहिल्या दिवशीच दारात होता. चौथ्या दिवसाआड, पहाटे पावणेसहाला, चाळीस मिनिटे.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्या चाळीस मिनिटांची पंचवीस झाली. आमच्या मागे दोन नवीन लेआउट मंजूर झाले होते, एक ६० आरचा आणि दुसरा १४० आरचा, आणि दोघांनीही आमच्या बाहेरच्या वाहिनीवर जोड घेतला होता. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. अंतिम मंजुरीच्या वेळी आम्ही रस्ते आणि वाहिनी नगरपरिषदेच्या ताब्यात दिली होती, तेव्हा ती आता गावाची होती, आणि जोड देण्याचा अधिकारही गावाचा होता. पण ६४० मीटरचे पूर्ण पैसे पहिल्याने द्यायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्याने फक्त जोडणीचे चलन भरायचे, ही पद्धत असेल तर शहाणा माणूस पहिला होणारच नाही. तो शेजाऱ्याची वाट पाहत बसेल, आणि सगळेच वाट पाहत बसले की मोकळी जागा गुंठ्यांनी भरेल.

ऑगस्टमध्ये माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा स्टॅम्प लावून मी तीन वर्षांच्या विकास शुल्काची जमा आणि खर्च मागितला. तीस दिवसांच्या आत उत्तर आले, हे आवर्जून नोंदवतो. शुल्क वेगळ्या शीर्षाखाली जमा होते, ते नियमानुसार होते. खर्च झाला होता तो बहुतेक जुन्या गावठाणातील दोन गल्ल्यांच्या काँक्रीटीकरणावर, आणि काही रक्कम मुदत ठेवीत होती. मला राग आला, आणि मग मी त्या गल्ल्यांतून मुद्दाम चालत गेलो. तिथे गेली चाळीस वर्षे सांडपाणी रस्त्यावरून वाहताना मी पाहिले होते. ते थांबले होते. ज्यांनी कधी लेआउट पाडला नाही, ज्यांच्याकडून विकास शुल्क कधी आलेच नाही, त्यांनाही गटार हवीच की. हा खर्च चुकीचा होता असे मी त्यानंतर कुणाजवळ म्हटलेले नाही. माझे म्हणणे एवढेच राहिले, की नव्या वस्तीची वाहिनी मग नेमक्या कोणत्या पैशातून व्हायची हे कुणीतरी ठरवून सांगावे.

सभागृह असते तर नगरसेवकामार्फत ठराव मांडता आला असता. पण निवडणुका लांबल्या होत्या, मुख्याधिकारीच प्रशासक होते, म्हणून मी त्यांनाच लेखी अर्ज दिला. मागणी परताव्याची आहे, देणगीची नाही, हे पहिल्या ओळीत लिहिले. वाहिनीचा लाभ घेणारे तीन लेआउट मिळून २८० आर होतात, त्यात आमचे ८०. क्षेत्राच्या प्रमाणात ६ लाख ८ हजारांपैकी आमचा वाटा सुमारे १ लाख ७४ हजार येतो, उरलेले सुमारे ४ लाख ३४ हजार नव्या दोघांकडून जोडणीच्या वेळी वसूल करून आम्हाला द्यावेत, आणि यापुढे मंजुरीपत्रातच अशी अट घालावी. सोबत मोजमाप पुस्तिकेची प्रत, पाइपची बिले आणि तिन्ही लेआउटचे नकाशे जोडले. मुख्याधिकाऱ्यांनी तो माझ्यासमोर पूर्ण वाचला, मुद्दा बरोबर आहे असे म्हणाले, आणि असे पैसे कोणत्या शीर्षाखाली घ्यायचे व कोणत्या शीर्षाखाली परत करायचे याची तरतूद मला दाखवा, असेही म्हणाले. ती मी अजून शोधतो आहे. अर्जावर त्यांनी हिरव्या शाईत ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारला आहे, आणि नस्ती सध्या पाणीपुरवठा विभागात आहे. दर सोमवारी मी तिथे जातो. लिपिक माझा विद्यार्थी आहे, तो मला बसायला खुर्ची देतो.